कळसुबाई : राज्याच्या माथ्यावरची देवी

महाराष्ट्रातले सर्वात उंच ठिकाण एका देवीच्या नावाने ओळखले जाते. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कळसुबाईचे शिखर समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट उंच आहे. बागलाणातला साल्हेर किल्ला राज्यात दुसऱ्या क्रमांकावर. तो १५६७ मीटरचा. कळसुबाईच्या माथ्यावर देवीचे एक लहानसे देऊळ आहे. नवरात्रात तिथे मोठी यात्रा भरते, आणि एरवीही वर्षभर भाविकांची व गिर्यारोहकांची ये-जा चालू असते. गिर्यारोहक शिखर गाठायला येतात, पायथ्याच्या गावातली माणसे बाईच्या दर्शनाला जातात. वाट दोघांची एकच आहे.

जिल्ह्यातली देवीस्थाने आणि कळसुबाई

जिल्ह्यात देवीची ठाणी बरीच आहेत. पाथर्डी तालुक्यातल्या मोहटा गावची मोहटादेवी ही माहूरच्या रेणुकेचे रूप मानली जाते. कर्जत तालुक्यातल्या राशीनची यमाई, म्हणजेच जगदंबा, तिच्या मंदिरातल्या हलत्या दीपमाळांमुळे दूरवर माहीत आहे. प्रवरेच्या काठी कोल्हारला भगवतीचे देऊळ असून तिची यात्रा पौषात भरते. नगर शहराजवळच्या बुऱ्हाणनगरहून तर दरवर्षी देवीची पालखी तुळजापूरला जाते आणि दसऱ्याला तुळजाभवानीचे सीमोल्लंघन त्याच पालखीतून होते. माहूर असो की तुळजापूर, यातल्या बहुतेक ठाण्यांचा धागा कुठल्या ना कुठल्या मोठ्या पीठाशी जोडलेला सापडतो.

कळसुबाईचे तसे नाही. साडेतीन पीठांत तिची गणना होत नाही. तिने कुठला दैत्य मारल्याची कथा नाही, तिचे माहात्म्य सांगणारी पोथी घरोघर वाचली जाते असेही नाही. ती महादेव कोळी समाजाची, आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्या ठाकर व इतर डोंगरी लोकांची देवी. तिची कथा त्यांच्याच घरातली आहे आणि तिची खूण डोंगरावरच्या जागांच्या नावांत राहिली आहे.

कथा : एका कामकरी मुलीची

कथा अशी सांगतात. डोंगराच्या पायथ्याच्या इंदोरे गावात पाटलाच्या घरी कळसू नावाची एक कोळ्याची मुलगी कामाला राहिली. राहतानाच तिने अट घातली होती : सांगाल ते काम करीन, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. पाटलाने अट मान्य केली आणि बरेच दिवस सगळे सुरळीत चालले. एके दिवशी मात्र घरात अडचण आली आणि तिला हीच दोन कामे सांगण्यात आली. कळसूने ती मुकाट्याने केली, मग घर सोडून डोंगराची वाट धरली आणि थेट माथ्यावर जाऊन राहिली. पुन्हा ती खाली आली नाही. जिथे तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ, आणि जिथे केर टाकला ती काळदरा, असे जुने लोक दाखवतात. इंग्रजी अमदानीत तयार झालेल्या गॅझेटियरमध्येही ही कथा नोंदलेली आहे, म्हणजे ती किमान शंभर-सव्वाशे वर्षे तरी याच रूपात चालत आली आहे.

देवीकथांच्या मानाने ही कथा अगदी साधी वाटते. तिच्यात शाप, वरदान, युद्ध काहीच नाही. दुसऱ्याच्या घरी राबणारी एक मुलगी आहे, तिने घातलेली अट आहे आणि ती अट मोडल्यावर तिने घेतलेला निर्णय आहे. डोंगरी भागातल्या कितीतरी बायकांनी आणि मुलींनी पाटला-सावकाराच्या घरी असे काम केलेले आहे. त्यामुळे या मुलीला दिलेला शब्द लोकांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला, आणि तो न पाळणाऱ्या घरातून निघून जाणारी कळसू त्यांची बाई झाली.

परिसरात आणखी एक समजूत आहे. रतनगडावरची रत्नाबाई, तिच्या शेजारच्या डोंगरावरची कात्राबाई आणि कळसुबाई या तिघी बहिणी मानल्या जातात. डोंगर, माथा आणि देवी यांना सह्याद्रीतला माणूस वेगळे करत नाही. इगतपुरीजवळच्या घाटावर घाटनदेवी, शिवनेरीवर शिवाई, वणीच्या गडावर सप्तशृंगी. चढणीच्या नाहीतर वस्तीच्या राखणीला एखादी देवी असतेच. सप्तशृंगीच्या गडावर आता पायऱ्यांच्या जोडीला फ्युनिक्युलर ट्रॉलीही आहे. कळसुबाईला मात्र पायीच जावे लागते.

डोंगर आणि भोवतालचा मुलूख

कळसुबाईची रांग सह्याद्रीच्या मुख्य कड्याला जवळजवळ काटकोनात मिळते. तिच्या उत्तरेला नाशिक जिल्ह्यातला इगतपुरी तालुका आणि दक्षिणेला अकोले तालुका, म्हणजे दोन जिल्ह्यांची हद्द याच डोंगरधारेवर आहे. अहिल्यानगर जिल्हा म्हटले की पाथर्डी, जामखेड, कर्जतचा दुष्काळी पट्टा डोळ्यांपुढे येतो. अकोल्याचा हा पश्चिम कोपरा त्याच्या अगदी उलट आहे. घाटघर, रतनवाडीकडे पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि भाताची खाचरे तुडुंब भरतात. प्रवरा नदी रतनगडाच्या परिसरात उगम पावते. तिच्यावर भंडारदऱ्याला बांधलेले विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले. कळसुबाईच्या माथ्यावरून दिसणारा मोठा जलाशय तो हाच. पुढे हीच प्रवरा कोल्हारच्या भगवतीपाशी जाते. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागातली उसाची शेतीही याच धरणाच्या पाण्यावर उभी राहिली.

१९८६ साली कळसुबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे. राज्यप्राणी शेकरू या रानात आढळतो. मेअखेरीपासून पहिल्या पावसापर्यंत भंडारदऱ्याच्या आसपासची झाडे काजव्यांनी भरून जातात आणि ते पाहायला हल्ली दुरून लोक येतात.

हा मुलूख बंडांचाही आहे. इंग्रजांविरुद्ध उभे राहिलेले महादेव कोळ्यांचे नायक राघोजी भांगरे अकोले तालुक्यातल्या देवगावचे. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्यांचे वडील रामजी भांगरे यांनीही त्याआधी बंड केले होते. या दऱ्याखोऱ्यांत सरकारी शिपायांना वाट सापडत नसे, पण डोंगरी लोकांना प्रत्येक खिंड ठाऊक होती.

बारी गावातून वर

दर्शनाची रुळलेली वाट बारी गावातून निघते. घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बारी लागते. भंडारदरा तिथून सहा-सात किलोमीटरवर आहे. मुंबईकडून येणाऱ्यांना इगतपुरी किंवा कसारा स्थानकावर उतरून घोटीमार्गे जाता येते. जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाहून येणाऱ्यांना संगमनेर, अकोले, राजूर असा सुमारे दीडशे किलोमीटरचा पल्ला पडतो. बारी आणि शेजारची जहागीरदारवाडी ही शिखराच्या अगदी पायथ्याची वस्ती. इथली अनेक घरे यात्रेकरूंच्या जेवणाखाण्याची, मुक्कामाची सोय करतात, वाटाड्या म्हणून तरुण बरोबर येतात.

गाव सोडले की आधी भातखाचरे लागतात. बांधाबांधाने जाणारी वाट ओढा ओलांडून चढाला लागते. सुरुवातीलाच मारुतीचे देऊळ आहे. त्यानंतरच्या टप्प्यावर कळसुबाईचेही एक देऊळ आहे. ज्यांना गुडघे किंवा दम साथ देत नाही असे म्हातारे लोक इथेच ओटी भरून हात जोडतात. वरची आणि खालची देवी एकच असल्याने यात्रा झाली असेच मानले जाते.

इथून पुढे डोंगर आपली रचना दाखवू लागतो. सह्याद्रीचा हा भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी बनला आहे. एकावर एक साचलेल्या थरांतला टणक भाग उभ्या कड्याच्या रूपाने उरला, आणि मधला सच्छिद्र, ठिसूळ भाग झिजून सपाट पट्टे तयार झाले. म्हणून कळसुबाई चढताना एकसारखा चढ लागत नाही. छातीवर येणारा कातळ, मग जरा मोकळे पठार, पुन्हा कातळ, अशी ती पायरीपायरीने वर जाते. पूर्वी हे कातळ लोखंडी साखळ्या धरून आणि दगडात खोदलेल्या खोबणीत पाय रोवून चढावे लागत. आता अवघड जागी लोखंडी शिड्या आणि कठडे बसवले आहेत. त्यामुळे दोर न बांधता, साध्या माणसालाही वर जाता येते. नऊवारी नेसलेल्या आजीबाई डोक्यावर पदर घेऊन, एका हातात ओटीची पिशवी धरून या शिड्या चढताना नवरात्रात सर्रास दिसतात.

मधल्या पठारांवर झोपडीवजा टपऱ्या असतात. लिंबूसरबत, काकडी, चहा, गरम भजी, आणि कुणी आधी सांगून ठेवले असेल तर पिठले-भाकरी मिळते. यातली प्रत्येक वस्तू, गॅसच्या टाकीपासून पाण्याच्या कॅनपर्यंत, कुणीतरी पाठीवर वाहून वर आणलेली असते. त्यामुळे वर गेल्यावर किंमत थोडी वाढलेली दिसली तर घासाघीस करू नये. सणासुदीची ही विक्री गावातल्या कितीतरी घरांना भातानंतरचा महत्त्वाचा आधार आहे.

शेवटच्या टप्प्याच्या अलीकडे एक विहीर आहे. इतक्या उंचीवर पाणी मिळते याचे भाविकांना अप्रूप वाटते. तिथून शेवटची शिडी चढली की माथा येतो. बारीपासून माथ्यापर्यंत जायला साधारण तीन ते चार तास लागतात. लहान मुले, वयस्कर मंडळी बरोबर असतील तर त्याहून जास्त वेळ धरावा.

माथ्यावरचे देऊळ

माथा फार ऐसपैस नाही. त्याच्या मध्यभागी छोटेखानी देऊळ आहे. गाभाऱ्यात एका वेळी मोजकीच माणसे मावतात, दाराशी वाकून आत जावे लागते. देवीचे रूप शेंदूर माखलेले असून अंगावर साडी आणि हार असतात. मंगळवारी आणि गुरुवारी पुजारी वर जाऊन पूजा करतो. एरवी भाविक स्वतःच दर्शन घेतात, हळदकुंकू वाहतात, नारळ वाढवतात आणि घरून आणलेला नैवेद्य दाखवतात.

ओटीचे साहित्य खालीच घ्यावे लागते : खण, नारळ, मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी, हिरव्या बांगड्या. लग्न ठरलेली मुलगी, नवी सून, मूल होण्याची वाट पाहणारी बाई, नोकरीला लागलेला मुलगा. आपापल्या निमित्ताने माणसे नवस बोलतात आणि फेडायला पुन्हा चढतात. कामकरी मुलीची देवी असल्याने तिच्यापुढे मोठा थाट लागत नाही. खणा-नारळावर ती प्रसन्न होते, अशी भाविकांची श्रद्धा आहे.

आभाळ स्वच्छ असेल तर माथ्यावरून दक्षिणेला भंडारदऱ्याचे पाणी, त्यापलीकडे रतनगड आणि दूरवर हरिश्चंद्रगड दिसतो. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे तीन दुर्गम किल्ले एका रांगेत उभे असतात. उत्तरेकडे त्र्यंबकच्या डोंगरांपर्यंत नजर जाते. पावसाळ्यात यातले काहीच दिसत नाही. ढग माथ्यावरून वाहत असतात आणि वाऱ्याला उभे राहणेही कठीण होते.

नवरात्रातली यात्रा

घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत डोंगराचे रूप बदलते. पाऊस ओसरत आलेला असतो, खाली भात निसवलेले असते, उतारांवर सोनकीची पिवळी फुले पसरलेली असतात. शेतीची मोठी कामे संपलेली आणि कापणी अजून लांब, असा हा मोकळा काळ आहे. नवरात्र आणि शेतीचे वेळापत्रक असे जुळते, म्हणूनच या दिवसांत गावेच्या गावे डोंगराकडे वळतात.

अकोले, इगतपुरी, सिन्नर, संगमनेर, जुन्नर या भागांतून लोक येतात. ‘कळसुबाई माते की जय’ अशी आरोळी खालच्या पठारावरून उठते आणि वरून तिला उत्तर येते. बरेच जण अनवाणी चढतात. काही जण मध्यरात्रीनंतर निघून सूर्योदयाला माथ्यावर पोहोचतात. बॅटरीच्या उजेडांची रांग तेव्हा शिड्यांच्या कडेने हलताना दिसते. काही घरे नऊ दिवसांतला एक दिवस पिढ्यान्‌पिढ्या ठरवून ठेवतात आणि त्याच दिवशी सगळे भाऊबंद एकत्र चढतात. डोंगराच्या वाटेवर प्रसादाची, हळदकुंकवाची आणि खाण्याची दुकाने लागतात. यात्रेपुरते बारीचे रूप एखाद्या बाजारगावासारखे होते.

देवीचे नाव आणि आजचा मुलूख

बाईचे नाव फक्त शिखरापुरते राहिलेले नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या, ‘बीजमाता’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. भात, वाल, घेवडा, भाज्या यांचे गावठी वाण जपणाऱ्या ज्या गटाशी त्या जोडलेल्या आहेत, त्याचे नाव ‘कळसुबाई परिसर बियाणे संवर्धन समिती’ असे आहे. भोवतालच्या लोकांना आपल्या मुलखाची ओळख सांगायची असली की पहिले नाव कळसुबाईचे येते.

गेल्या काही दशकांत वाटेवर दुसऱ्या प्रकारची गर्दी वाढली आहे. मुंबई, पुणे, नाशिकहून दर शनिवार-रविवारी मोठमोठे गट येतात. १५ ऑगस्ट, ३१ डिसेंबर आणि लांबच्या सुट्ट्यांना शिड्यांपाशी रांगा लागतात. गावाला यातून उत्पन्न मिळते, पण त्याबरोबर प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि वेष्टनेही डोंगरावर राहतात. शिवाय राज्यातले सर्वात उंच टोक म्हणून आलेल्या पाहुण्याच्या लक्षात राहत नाही की वर देऊळ आहे आणि आत कुणाचे तरी नवसाचे नारळ वाढवणे चालू आहे. स्थानिक लोक ओरडाआरडा करणाऱ्यांना फार बोलत नाहीत. मात्र दाराशी चपला घालून उभे राहणे त्यांना खटकते.

जाताना

पहिल्यांदा जाणाऱ्याने काही गोष्टी ध्यानात घ्याव्यात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वात सोयीचा. मार्चपासून ऊन तापते आणि वरच्या टप्प्यांवर सावली नसते, म्हणून पहाटे निघून दुपारपूर्वी उतरावे. जून ते सप्टेंबर शिड्या आणि कातळ निसरडे असतात. नवरात्राच्या दिवसांत परतीचा पाऊस विजांसह येतो. तेव्हा ढग गडगडू लागले तर लोखंडी शिड्या आणि कठड्यांपासून दूर व्हावे आणि माथ्यावर थांबू नये. माणशी निदान दोन लिटर पाणी, थोडे खाणे, बॅटरी आणि चांगल्या तळाचे बूट लागतात. अनवाणी चढण्याचा नवस असेल तर चप्पल पिशवीत ठेवावी, कारण उतरताना ती हमखास आठवते. चढापेक्षा उतार गुडघ्यांना जास्त जाचतो, तेव्हा काठी सोबत असलेली बरी. शिडीवर एका वेळी एकाच दिशेने माणसे सोडावीत आणि वर येणाऱ्या वयस्करांना आधी वाट द्यावी.

आणि कचऱ्याचे एवढे पाळावे. केर काढायला लावले म्हणून जी मुलगी घर सोडून या डोंगरावर आली, तिच्या दारात आपला केर टाकून येऊ नये. वर नेलेली प्रत्येक बाटली आणि पिशवी परत खाली आणावी.